सरणाच्या जाळीवरचं नाव

व्हरमाँट, अमेरिका
१४ जानेवारी २०२४

चि. गिदोन, म्हणजे आता सरपंच गिदोनराव यांना, थोरल्या बहिणीचा प्रभू येशूच्या नावानं सलाम.

फोनवर तू "बरं हाय, बरं हाय" याच्या पुढे जात नाहीस, आणि तुझ्या मागून कुणीतरी "सरपंच, नळ!" म्हणून ओरडत असतं. म्हणून पत्र. जन्मभर शाळेत पोरांना पत्रलेखन शिकवलं, आता भावाकडून तरी वसूल करते. उत्तर हातानं लिही. मोबाईलवर नुसता अंगठा पाठवलास तर बघ.

तू निवडून आल्याचं तुझ्या मोनिकानं सांगितलं तेव्हा मी जॉयच्या स्वयंपाकघरात नाचले. लेक म्हणाली, "आई, गुडघे!" अरे, गावात आपली ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी, आणि तरी अख्ख्या गावानं तुला सरपंच केलं! मोनिका म्हणते, दोन्ही गट भांडून थकले म्हणून तुला उभं केलं. असेना का. हिवरदऱ्यात एक दार नाही ज्याला तुझ्या हातची कडी नाही, हे लोकांना ठाऊक आहे.

इथं मी मंगळवारी गावच्या लहानशा संग्रहालयात बिनपगारी जाते. धूळ पुसायची आणि आलेल्यांकडे बघून हसायचं. तिथं भिंतीवर एका लोहाराचा फोटो आहे, हायरम टकर. दीडशे वर्षांपूर्वीचा माणूस, दाढी अशी की चिमणीनं घरटं करावं. शलमोनाच्या मंदिराचं पितळकाम करणारा हिराम बायबलात आहे ना, त्याच्यावरून नाव. आईबाप लहानपणीच गेले, मामाच्या भट्टीवर भाता ओढत शिकला. पुढे स्वतःची भट्टी टाकली. घोड्याला नाल मारून होईपर्यंत मालकाला कुठं जाता येत नाही, मग तो गावची भांडणं यालाच सांगत बसायचा. एका वर्षी लोकांनी थट्टेनं त्याला गावची मोकाट डुकरं पकडून कोंडायचं पद दिलं. यानं थट्टा मनावर घेतली आणि सगळी डुकरं खरोखर कोंडली! त्याच गावानं पुढे त्याला रस्ते-पुलांचा कारभारी केलं.

हे वाचताना मला सारखा तूच दिसत होतास.

तुझी ताई,
एस्तेर

हिवरदरा, मिरजगावजवळ
२५ फेब्रुवारी २०२४

एस्तेरताईला गिदोनचा सलाम.

तुझा हायरम नशीबवान. डुकरं तरी धरता येतात. माझ्या पदरात जे पडलंय ते धरताबी येत न्हाई आन् सोडताबी येत न्हाई. सरपंच म्हंजे काय, तर गावानं शिव्या द्यायच्या आन् तालुक्याच्या साहेबांनी "प्रस्ताव पाठवा" म्हणायचं. दुकानात वेल्डिंगला बसलो तर बरं वाटतं. तिथं लोखंड सांगितल्यावर ऐकतं तरी.

गेल्या महिन्यात राहीबाईचे मालक गेले, भिमाजीतात्या. आपल्यात पुरतात, म्हणून तुला ठाऊक नसंल. सरणाची लाकडं घसरू नयेत म्हणून स्मशानात लोखंडी जाळी असती, चार पाय आन् दोन बाजूंना उभे गज. आपल्या गावची जाळी गंजून खलास झालीय. तात्यांना अग्नी दिला, वारं सुटलं आन् जाळीची एक बाजूच कोलमडली. लाकडं खाली आली, आन् तात्या... ते मी लिवत न्हाई. पोरांनी बांबूनं कसंबसं सावरलं. राहीबाई रस्त्याच्या कडंला उभी हुती, तिनं सगळं बघितलं. मी सरपंच म्हणून सगळ्यात म्होरं उभा. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

तवापासनं तालुक्याला खेटे घालतोय. म्हणले, ठराव पाठवा. पाठवला. म्हणले, अंदाजपत्रक. ते दिलं. मग म्हणले, इंजिनिअर बघून जातील. इंजिनिअर आले, चहा प्याले, जाळीकडं बघून म्हणले, "ही दुरुस्त होण्यासारखी नाही." अरे बाबा, तेच तर सांगतोय! आता म्हणतात, इलेक्शनची आचारसंहिता लागंल, मग पुढं बघू. मधी कोनी मेलं तर त्यानं काय करायचं, आचारसंहिता उठंपर्यंत थांबायचं?

ताई, दुकानात लोखंडी अँगल पडून हायत. दोन दिवसांचं काम. माझे हात शिवशिवत्यात. पन उपसरपंच मच्छिंद्र, आपल्या चांगुणाकाकूचा मच्छ्या, माझ्या वर्गातला, तो म्हणतो, "गिदोन, घाई नको, नियमानं होऊ दे." सरपंच व्हायचं त्याच्या मनात हुतं, ते अजून गेलेलं न्हाई. काकू मात्र तुझी लई आठवण काढती. डोळ्यांनी दिसत न्हाई आता, पन माझ्या पावलांवरनं मला वळखती. म्हणती, "एस्तेर तिकडं भाकरी खाती का न्हाई?"

तुझा,
गिदोन

व्हरमाँट
३० मार्च २०२४

चि. गिदोन,

हात शिवशिवतात तर बसलास कशाला?

काकूला सांग, भाकरी मिळते, पण पीठ असं की थापताना रडू येतं.

आता हायरमचं ऐक. पुरात इथला पूल वाहून गेला. गावानं बैठकांवर बैठका घेतल्या. लाकूड कुणाचं, लोखंड कुणाचं, खर्च कुणाचा! तोवर लोक नदीतूनच घोडे घालत होते. शेवटी हायरमनं कुणाला न विचारता आपल्या भट्टीत बोल्ट घडवले, सुतार हाताशी धरले आणि पूल उभा केला. आणि प्रत्येक बोल्टच्या माथ्यावर स्वतःच्या नावाची खूण ठोकली. तो पूल अजून आहे, त्यावरून मोटारी जातात. मी मुद्दाम जाऊन त्या खुणेवर बोट फिरवून आले. थंडीनं बोट लोखंडाला चिकटलं, ते सोड.

तेव्हा काम कर, आणि नावही घाल. आपल्या घराण्याची वाईट खोड आहे, राबायचं आणि मागच्या रांगेत जाऊन उभं राहायचं. पप्पांनी चर्चचं दार केलं, आणि दारावर पाटी लागली देणगी देणाऱ्याची. मी लहान होते, पण तो राग माझ्या पोटात अजून आहे. तू गेटांवर दुकानाची पाटी मारतोस ना? तशीच मार. लाजू नकोस. बायबलातला गिदोनसुद्धा आधी "माझं घराणं दुबळं, मी सगळ्यांत धाकटा" म्हणून कुरकुरतच होता.

ताई

हिवरदरा
२० मे २०२४

ताई,

केली!

अँगल जाड घेतला, गेटाला वापरतो त्याच्या दुप्पट. चारी पाय सिमेंटात गाडले. जनरेटर टेम्पोत घालून नेला आन् जागेवरच वेल्डिंग केलं. स्मशानात ठिणग्या उडताना बघून रस्त्यानं जानारी माणसं थांबत हुती. पंचायतीचा रुपाया घेतला न्हाई. कोनाला इचारलंबी न्हाई, तुझ्या हायरमासारखं.

आन् पाटी मारली. तुला ठाऊक हाय, आपन अक्षरं रंगानं लिवत न्हाई. पप्पांची पद्धत, वेल्डिंगच्या कांडीनंच एकेक अक्षर उठवायचं, म्हंजे ऊन-पावसानं जात न्हाई. "गिदोन फॅब्रिकेशन, हिवरदरा" असं लिवलं. आन् सवयीनं खाली मोबाईल नंबरबी उठवला. हात थांबलाच न्हाई. घरी सांगितलं तर मोनिका पोट धरून हसली. म्हणली, "अवो, तिथं नंबर कशाला? तिथनं कोन फोन करनार हाय तुम्हाला?"

राहीबाई काठी टेकत आली. गजांवरनं हात फिरवला आन् म्हणली, "माझ्यापतूर टिकंल न्हवं?" मी म्हणलं, "मावशे, तुझ्या पतवंडांपतूर." ती रडली, मलाबी रडू आलं. सरपंच झाल्यापासनं पैल्यांदा वाटलं की आपन कायतरी केलं.

मच्छिंद्रबी बघून गेला. मोबाईल काढून पाटीचे चांगले चारी बाजूंनी फोटू घेतले. त्यालाबी आवडलं म्हणायचं. उगंच मी त्याच्याबद्दल वाकडं लिवलं.

गिदोन

हिवरदरा
१८ ऑगस्ट २०२४

ताई,

तुझं पत्र आलं न्हाई तरी लिवतोय, कारण डोकं फिरलंय.

माझ्यावर तक्रार झालीय. सरपंचानं पंचायतीच्या कामात स्वतःचा हितसंबंध ठेवला, आन् पंचायतीच्या जागेवर स्वतःच्या धंद्याची जाहिरात केली, तरी त्याचं पद काढून घ्यावं. पुरावा म्हणून पाटीचे फोटू जोडलेत. चारी बाजूंनी काढलेले. अर्जाखाली सही मच्छिंद्रची.

स्मशानात जाहिरात! सरणावरचा माणूस उठून माझ्याकडं गेट करायला टाकनार हाय का?

पारावर गाठून त्याला इचारलं. म्हणला, "माझं तुझ्याशी वैर न्हाई, नियम हाय." काम अडलं हुतं तवाबी नियम, काम झालं तवाबी नियम! आईशप्पत, त्याच्या कानाखाली जाळ काढनार हुतो. पारासमोरच चांगुणाकाकू दारात बसलेली हुती म्हणून हात आवरला.

वकील म्हणतो, "पैसे घेतले नाहीत हे बरं झालं. पण पाटी नडते. पाटी नसती तर आपण दान म्हटलं असतं. पाटी आणि वर फोन नंबर, म्हणजे धंदा." ताई, नंबर माझ्या हातानं पडला, पन पाटी मार म्हणून तू लिवलं हुतंस. मला तुझा राग आलाय. लपवत न्हाई.

आता एवढंच कर. तुझ्या हायरमवर कोनी तक्रार केली हुती का, आन् तो त्यातनं कसा सुटला, ते इचारून कळव. वकिलाला त्याचा उपेग न्हाई. मला हाय.

गिदोन

व्हरमाँट
२० सप्टेंबर २०२४

चि. गिदोन,

पत्र वाचून दोन दिवस घास उतरला नाही. पाटीचं मीच बोलले. माझ्या जिभेला हाड नाही, हे आई म्हणायची ते खरं.

हायरमबद्दल विचारलंस. संग्रहालय सध्या रंगकामासाठी बंद आहे, आणि लोकांना माहिती अर्धवट असते. एवढं नक्की की पूल उभा आहे. तू तिकडे लक्ष घालू नकोस. सुनावणीला इस्त्रीचा शर्ट घाल, आवाज चढवू नकोस, आणि मच्छिंद्रच्या अंगावर जाऊ नकोस. मोनिकाला बरोबर ने.

इथं झाडांची पानं लाल झाली आहेत. फार सुंदर दिसतं. जॉय फोटो पाठवील.

मी रोज प्रार्थना करते.

ताई

हिवरदरा
२२ डिसेंबर २०२४

ताई,

तू पानांबद्दल लिवलंस तवाच मला शंका आली. तू आन् झाडाची पानं!

सरपंचपद गेलं. नगरला सुनावणी झाली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणले, "तुमचा हेतू चांगला दिसतो, पण कायद्यात हेतूला जागा नाही." माणूस वाईट न्हवता, तेच जास्त लागलं. वाईट असता तर शिव्या तरी घालता आल्या असत्या. वकील म्हणतो, वर अपील करा. मी न्हाई करनार. दुकानाला कुलूप लावून कचेऱ्यांच्या पायऱ्या किती झिजवू? गावात जे काल "सरपंच, सरपंच" करत मागं फिरत हुते ते आज मला बघून मोबाईलमधी तोंड घालत्यात. एकानंबी म्हणलं न्हाई की चूक झाली. राहीबाई तेवढी येऊन मच्छिंद्रला शिव्या घालून गेली, पन माझ्याच दारात.

कारभार आता मच्छिंद्रकडं. पैल्याच दिवशी त्यानं शिपाई सुनीलला धाडलं, "गिदोनला म्हणावं, पाटी कापून ने." मी म्हणलं, "सुनील, पंचायतीचं काम मी आता नियमाबिगर करत न्हाई. पाटी कापायचा ठराव आना. अंदाजपत्रक करा. इंजिनिअरला बोलवा, त्याला चहा पाजा." सुनील हसत गेला. ठराव कोन करनार? पाटी हाय तिथंच हाय. मग मच्छिंद्रनं स्वतः जाऊन तिच्यावर चुना फासला.

मीबी ठरवलंय. त्या स्मशानाच्या फाटकातनं आत पाऊल टाकनार न्हाई. गावात कोनीबी मरू दे. माझा त्या जाळीशी संबंध न्हाई, असं सरकारनंच ठरवलंय न्हवं का?

नाताळाला चर्चमधीबी मागंच बसनार हाय.

गिदोन

व्हरमाँट
१८ जानेवारी २०२५

चि. गिदोन,

संग्रहालय बंद नव्हतं. मी खोटं लिहिलं.

तुझं ऑगस्टचं पत्र आलं त्याच आठवड्यात मी चर्चमध्ये डोरोथीबाईंना गाठलं. नव्वदीच्या आहेत, हायरमच्या पणतीची लेक. मी विचारलं, त्याच्यावर कुणी तक्रार केली होती का? त्या हसल्या. म्हणाल्या, "तक्रार? अहो, त्याला काढूनच टाकला!" गावच्या वार्षिक सभेत एक गाडीवाला उठला आणि म्हणाला, गावच्या पुलाच्या प्रत्येक बोल्टवर याचं नाव कशासाठी, हा पूल गावचा की याच्या भट्टीचा? हात वर झाले, आणि हायरम घरी गेला. भिंतीवरच्या फोटोखाली हे कोण लिहील? तू सुनावणीच्या तोंडावर होतास, तुला हे कुठल्या तोंडानं कळवू? म्हणून पानांबद्दल लिहिलं.

पण तुझ्या डिसेंबरच्या पत्रातलं शेवटचं वाचलं आणि आता गप्प बसवत नाही. ऐक. हायरमनंही हेच ठरवलं होतं. त्या पुलावर मी पाय ठेवणार नाही, म्हणाला. आणि मरेपर्यंत ठेवला नाही. पलीकडे जायचं असलं की विजार वर करून नदीतून जायचा, थंडीत, बर्फ वितळलेल्या पाण्यातून. डोरोथीबाईंची आई तेव्हा लहान होती. ती पुलावर उभी राहून ओरडायची, "पणजोबा, वर या ना!" तो मान वर करून बघायचासुद्धा नाही. शेवटी त्या पाण्यानंच छाती धरली आणि गेला. डोरोथीबाई म्हणाल्या, "त्या पुलावरून सगळं गाव चाललं. तो सोडून."

मी तुला एकदा चुकीचा धडा शिकवला, गिदोन. हा बरोबर शिकवतेय की नाही, तेही मला ठाऊक नाही. पण त्या म्हाताऱ्यासारखं करू नकोस रे बाबा.

ताई

हिवरदरा
९ एप्रिल २०२५

ताई,

तुझं पत्र वाचून आधी राग आला, मग हसू आलं. चार महिने मी त्या हायरमाला मनात शिव्या घालत हुतो, की हा बरा सुटला आन् मीच अडकलो. त्योबी माझ्यासारखाच घरी बसला हे आधी सांगितलं असतंस तर मला जरा झोप लागली असती. पुन्हा असलं लपवत जाऊ नको.

तरी हट्ट काय सोडला न्हाई. हायरम पान्यातनं गेला, मी रस्त्यावरनं जाईन, म्हणलं.

गेल्या आठवड्यात चांगुणाकाकू गेली.

ताई, तिच्या अंगणात आपन वाढलो. आई आजारी हुती तवा तिनं आपल्याला जेवू घातलंय. अंत्ययात्रेत गेलो. खांदा दिला. आन् स्मशानाच्या फाटकाशी खांदा बदलून बाहेर थांबलो. सगळे आत गेले. सुनीलनं वळून बघितलं, पन कोनी ये म्हणलं न्हाई आन् मी गेलो न्हाई. रस्त्यावर उभा राहून बघितलं. लई लाज वाटत हुती, तरी पाय उचलंना. असा गाढव हाय मी.

जाळ चढला तसा पाटीवरचा चुना तडकला. पोपडे गळून पडले. रस्त्यावरनंबी दिसत हुतं, नाव आन् नंबर, कांडीनं उठवलेलं, जसंच्या तसं. मच्छिंद्र आईला अग्नी देऊन नेमका त्याच्या म्होरं उभा. डोकं भादरलेलं, अंगावर पंचा. तो तिकडंच बघत हुता, का जाळाकडं, मला सांगता येनार न्हाई. जाळी जागची हलली न्हाई. काकू नीट गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सावडायला गेले असतील तवा, मी दुकानात हुतो, फोन आला. नंबर माझ्याकडं न्हवता. सुनील मागं म्हणला हुता, मच्छिंद्रनं मोबाईल बदलला आन् माझा नंबर काढून टाकला. आवाज त्याचाच. म्हणला, "गिदोन, जाळीचा एक पाय हलतोय. बघून जा." मी इचारलं, "माझा नंबर कुठनं घेतलास?" तो म्हणला, "हितं म्होरंच लिवलाय की."

मोनिकाचं म्हणनं खोटं ठरलं. तिथनं फोन आला.

तोंडावर आलं हुतं, "ठराव आन, अंदाजपत्रक आन." जिभेच्या टोकावर हुतं, ताई. माझं पद गेलं ते गेलंच, आन् त्याचा राग अजून गेलेला न्हाई, तो जानारबी न्हाई. त्यानं जे केलं ते हलकटपनाचंच हुतं. पन तुझ्या त्या म्हाताऱ्याचे पान्यात भिजलेले पाय डोळ्यांम्होरं आले. जनरेटर टेम्पोत टाकला आन् गेलो. फाटकातनं आत गेलो.

बाकीची माणसं निघून गेली हुती. तो एकटाच जाळीपाशी उकिडवा बसला हुता. मी चारी पाय धरून हलवून बघितले. एकबी हलत न्हवता. मी स्वतः सिमेंटात गाडलेत, हलतील कसे? मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली आन् एका पायाकडं बोट केलं. "हा," म्हणला.

मी मशीन चालू केलं आन् त्या पायाला दोन टाके मारले.

"आता?" मी इचारलं.

"आता ठीक हाय," तो म्हणला.

तुझा भाऊ,
गिदोन